गंड्याच्या दिवशी न घेतलेलं नाव

मार्गशीर्ष शुद्ध १, शके १८५९. सोनपेठ.
बदलीचा हुकूम आला तेव्हा तहसिलीतले कारकून हसले. मी पेढे वाटले. सोनपेठेत मनकर्णाबाई राहतात. अठरा वर्षं नाटक कंपनीत गायल्या, आता मोजक्यांना घरी शिकवतात. गंगाखेड ठेसनापासून बैलांच्या दमणीत पेटी मांडीवर घेऊन आलो. एकही सूर हलला नाही. खोली उत्तम. कोपऱ्यात कुणाचं तरी जुनं जातं, त्याला खुंटा नाही. वय पंचेचाळीस, पण पेटी आणि गळा दोन्ही माझे मी बसवलेत, हे बाईंना उद्याच कळेल.

शुद्ध २.
आज बाईंनी शिष्यत्वाचा गंडा बांधला. ताटात गूळ, चणे, लाल दोरा. बाईंची रीत अशी, की आधी ज्यांच्याकडून सूर घेतला त्यांचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच गाठ. म्हणालो, कोणी नाही, माझं मीच. बाई हसल्या. म्हणाल्या, पंत, आईच्या पोटातून पेटी घेऊनच आलात का काय? नीट आठवा, घरात कुणी गात असंल.
अनसूया आठवली, माझी बायको. जाऊन दोन वर्षं झाली. पहाटे जात्यावर ती ओवी म्हणे, मी अंथरुणातूनच तिच्या सुरात सूर मिळवी. पहिला सा तिथंच सापडला. पुढं पेटी घेतल्यावर तपासलं, तर तिचा सूर काळी चार पट्टीपेक्षा केसभर उतरलेला. तसं तिला सांगितलं. त्यानंतर ती मुक्यानंच दळू लागली.
दळणाऱ्या बायकोला गुरू म्हणायचं? पुन्हा म्हणालो, कोणी नाही. बाईंनी गाठ मारली.

शुद्ध ४.
बाईंकडे सा लावला. बाईंनी तंबोरा थांबवून विचारलं, संगं कोण बाई आणली? लय गोड गाऊ लागलीय, जरा उतरती हाय.
खोलीत आम्ही दोघंच. मीही ऐकलं होतं. काळी चार, केसभर खाली.

शुद्ध ५.
सा लागत नाही. घसा बरा आहे, आलं-मध घेतलं. बोट ठेवलं की पेटी वाजते, मी वाजत नाही. आणि तिची पहिली ओवी आठवेना. दोन वर्षं रोज आठवायची. अंघोळीहून आलो तर जातं फिरत होतं. खुंट्याशिवाय.

शुद्ध ७.
रे गेला. ग गेला. प्रत्येक सुरामागे तिचं एकेक आठवणीतून जातंय — हसणं, मग हाक. जात्याभोवती ताजं पीठ. बाईंना अनसूयेचं सगळं सांगितलं, त्या घाबरल्या. म्हणाल्या, जिला नाकारलं ती आपलं दिलेलं माघारी नेऊ लागलीय. नाव घ्या पंत, आत्ताच्या आत्ता. शेजारच्या दोघी बाईंच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत? उद्या घेतो म्हणालो.

शुद्ध ८.
बाईंसमोर तोंड उघडलं. आवाजच —
बाईंना ओवी ऐकू आली. रडल्या. मला नाही आली. मला फक्त जात्याची घरघर —

शुद्ध ९.
चेहरा गेला. चमकी कुठल्या नाकपुडीत —
अगं, तुझा सूर बरोबर होता. पेटीच चढी —
जातं जवळ सरकलंय.
वहीतलं शुद्ध २ चं पान काढलं. नाव तिथं आहे. अक्षरं दिसतात, लागत नाहीत. बघून उतरवतो, बाईंना दाखवतो. माझी पहिली गुरू, माझी बायको,
अन—