आईबाबांचं लॅटिन

प्रिय ठमे,

हसू नकोस, पण मी आणि तुझी आई सध्या लॅटिन शिकतो आहोत. रोज सकाळी, चहाचे कप बाजूला सारून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. टेबलाला मेन्सा म्हणतात.

झालं असं, की पक्षाघातात आईचे शब्द गेले, ते परत आणायचा मी विडाच उचलला होता. चित्र दाखवायचं, म्हणून घ्यायचं, चुकलं की सुधारायचं. एके दिवशी तिने चित्रांचा गठ्ठाच खिडकीबाहेर भिरकावला. बोलायला शिकवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "त्यांना मास्तर नकोय, सोबत शिकणारं कोणीतरी हवंय." मग आम्ही वाचनालयात गेलो आणि दोघांनाही ओ की ठो कळणार नाही असं पुस्तक शोधलं. ते तिनेच डाव्या हाताने ओढून काढलं.

गंमत अशी, की ही भाषा शब्दाला मोकळं सोडतच नाही. पाणी म्हणजे आक्वा, पण तेच प्यायचं असेल तर आक्वाम. शेपूट बदललं की शब्दाचं काम बदलतं. मी म्हटलं, हे काय खूळ? मग लक्षात आलं, आपणही तेच करतो: पाणी, पाण्याला, पाण्यात. जन्मभर बोलत आलो, कधी वाकून पाहिलं नाही. आईची गाडी नेमकी तिथेच अडायची. ‘पाणी’, ‘खुर्ची’ एवढं येई, पुढचं गळून जाई, आणि तिला काय हवंय ते मी ओळखत बसे. आता मी चुकलो की ती बोटाने टेबल वाजवते. माझ्या पाठांतराची रड पाहून परवा इतकी हसली की ठसका लागला.

काल ‘फीलिया’ आला, म्हणजे मुलगी. ‘फीलिए’ म्हणजे मुलीला. हेच रूप ‘मुलीचा’साठीही चालतं, भलतेच काटकसरी लोक! मी ते घोकत होतो, आई मात्र पुस्तक सोडून फोनकडे बघत राहिली. मग सावकाश, स्पष्ट, आपल्या भाषेत म्हणाली, "मुलीला." जरा थांबून, "मी."

म्हणून हे पत्र. फोनवर हे सांगता आलं नसतं, ती शेजारीच असते. पुढच्या रविवारी सकाळी ती स्वतः तुला फोन करणार आहे. तू मायेपोटी तिचं वाक्य पुरं करतेस, मीही तेच करायचो. या वेळी नको. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येणार नाही. लाइन कटली असं समजून फोन ठेवू नकोस. तू नुसती थांब.

तुझाच,
बाबा