माझा अर्धा बशीतच राहू द्या

एटापल्ली, रविवार

बाबा,

तुम्हाले अन् आईले एटापल्लीवरून तुमच्या मास्तरीण पोरीचा जयभीम. मी इथी मजेत आहो, काळजी करू नका. गुडघा कसा आहे?

वरून आदेश आला म्हणून शाळेत शुगर बोर्ड लावला. थंड्याच्या एका बाटलीत किती साखर असते, ते पोरांनी पुड्या बांधून टाचलं. आठ चमचे! दुसरीतली सोमारी म्हणे, "मॅडम, तुमचे बाबा चहात किती टाकते?" 

काल रेंज भेटली तवा संघपालदादा बोलला, तुमची शुगर वाढली म्हणून. मले काऊन नाई सांगितलं?

मग आठवलं. वरोऱ्याले असतानी तुम्ही चार चमच्यांचा मोठा कप करायचे अन् अर्धा मले बशीत ओतून द्यायचे. मी इकडे आली, तेव्हापासून पुरा कप तुम्हीच पेता ना? दादा सांगे, बशी मात्र रोज काढून ठेवता.

इथी चहा रोज पेते, पण बशीत ओतून द्यायले कोणी नाई.

चहा सोडा म्हणत नाई, बाबा. हिवाळ्यात सुटी लागली का येईन. तोवर माझा अर्धा बशीतच राहू द्या. पेऊ नका.

तुमची,
यशो