दीर्घ ॡ साठी घेतलेला फॉन्ट

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तितकाच). अत्र कुशलम्. तुझा गुडघा आणि भावोजींचा स्वभाव दोन्ही पूर्वीपेक्षा मऊ झाले असतील असं धरून चालतो.

गेले चार महिने तू फोनवर एकच विचारतेस, ‘आईने सांगितलेलं कुठवर आलं?’ आणि मी म्हणतो, ‘शेवटचा हात फिरवतोय.’ तो हात कशावरून फिरतोय ते आज लेखी कबूल करतो, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस.

आपल्या गल्लीत घरी संगणक आणणारा पहिला माणूस मी (पहिला शहाणा नव्हे). त्या खोलीत चपला बाहेर, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आजाऱ्याला बघायला यावं तसे लोक पाय न वाजवता यायचे. बटण दाबलं की ते यंत्र आधी खाकरायचं, मग काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकायची, आणि मी पाहुण्यांकडे असा बघायचो की जणू ती माझ्या आज्ञेत आहे. वस्तुतः एक अक्षर चुकलं की ते सरळ सांगायचं, तुझा हुकूम मला कळला नाही. इतकी वर्षं संस्कृत शिकवलं, पण वर्गात एवढं स्पष्ट कुणी बोललं नाही.

त्या यंत्रापाशी चाळीस संध्याकाळी आई बसली. तिने लहानपणापासूनचं सगळं सांगायचं, मी टाइप करायचं. दर दोन वाक्यांनी मी म्हणायचो, ‘थांब, सेव्ह करतो.’ ती विणकाम मांडीवर ठेवून वाट बघायची. एकदा म्हणाली, ‘अरे, तुझं सेव्ह होईपर्यंत मी विसरते.’ मी म्हटलं, ‘माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही.’ (हे मला तेव्हा सुभाषित वाटलं होतं. त्याच भरवशावर सगळं कागदावर छापून ठेवायचंही राहिलं.)

आता पातक सांगतो. सगळ्या जगाकडे असलेला मराठी फॉन्ट सोडून मी छापखानेवाल्या मित्राने स्वतः बनवलेला एक फॉन्ट घेतला. का, तर त्यात दीर्घ ॡ होता. ताई, संस्कृतातसुद्धा त्या अक्षराची गरज वैयाकरणांखेरीज कुणाला पडत नाही, आणि आईच्या तोंडी तर ते जन्मात आलं नाही. पण म्हटलं, असावं हाताशी.

गेल्या आठवड्यात संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंनी माझ्या फ्लॉप्यांमधून सगळं सुखरूप बाहेर काढलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, टक्क्यांच्या खुणा, नुसती मुंग्यांची सभा. बाईंनी विचारलं, ‘सर, ही भाषा कुठली?’ मी म्हटलं, ‘मराठी.’ त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बसायला खुर्ची दिली. मग समजावलं, की तो फॉन्ट मिळाला तरच हे वाचता येईल. मित्राकडे गेलो. त्याने छापखाना मोडून मधमाश्या पाळल्यात. ‘मी फॉन्ट केला होता?’ असं त्यानेच मला विचारलं. तात्पर्य, हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट वाचणाऱ्या तुझ्या भावाला स्वतः टाइप केलेली एक ओळ वाचता येत नाही.

असो. भावोजींना सांग, आठवण काढली होती.

तुझा,
धाकटा (आणि आता खरोखरच धाकटा वाटणारा)

ता. क. तो फॉन्ट जगात आता एकाच ठिकाणी असू शकतो. नवं यंत्र आल्यावर मी थाटात तुला भेट दिलेल्या त्या जुन्या संगणकात, ज्याच्या डोक्यावर भावोजींनी कुंडी ठेवलीय. रविवारी ते गॅलरीतलं सगळं भंगारात काढणार, असं तूच म्हणालीस. त्यांना अडव. मी शनिवारी येतो. तोवर कुंडीला पाणी घालू नका.

आणखी ता. क. तू म्हणशील, ‘अरे, आई नसली तरी तूच टाइप केलंस ना, मग आठवेल तसं सांग की.’ मीही त्याच भ्रमात होतो. काल यंत्राच्या माहितीपुस्तकात एक पान सापडलं, दोन्ही कडांना भोकं असलेलं, प्रिंटर चालतो का ते बघायला छापलेलं. आई तिच्या पहिल्या नोकरीबद्दल सांगतेय, आणि मध्येच, एकही चूक न करता, मी टाइप केलंय, ‘हा नुसता बडवतोय, ऐकत नाहीये. मोठीला सांगायला हवं होतं.’ लगेच पुढचं वाक्य सुरू. ताई, मला त्यातलं काहीही आठवत नाही. शनिवारी ते उघडलंच, तर मोठ्याने तू वाच. मी हात मांडीवर ठेवून बसेन.