शेवटच्या पुरलेल्याचं पाणी

४ मे १९३४
आलो एकदाचे किलकॉरनला! कोल्मच्या चुलत्याचं घर आता आमचं. कुंपणापलीकडेच जुनं पडकं चर्च. छप्पर कधीच गेलंय, भिंती वेलींनी झाकल्यात, आत गवतात कोल्मच्या पूर्वजांच्या कबरी. आमची छोटी ऊना दिवसभर कोंबड्यांमागे. शेजारच्या पेगम्हातारीनं गरम पाव आणला, वर मला टोमणाही, की ही गॉलवे शहरातली पोर गाय पिळणार कशी, शिंगं धरून? कोल्म इतका हसला, की चहा सांडला.

२१ मे
लिहवत नाही. चर्चच्या कमानीवरची वेल तोडताना दगड निखळला आणि कोल्म... आज त्याला आतच, त्याच्या माणसांत पुरलं. ऊना विचारते, बाबा जेवायला कधी येणार?

२ जून
भिंती धोक्याच्या झाल्यात म्हणून सरकारी माणसानं ती दफनभूमी कायमची बंद केली. पेग पांढरीफटक पडली. म्हणाली, अगं पोरी, सगळ्यात शेवटी पुरलेल्यानं तिथल्या सगळ्या मेलेल्यांना पाणी पाजायचं असतं. पुढचा आला की त्याची सुटका. आता पुढचा यायचा कुठून? मी तिला घराबाहेर काढलं.

११ जून
भर दुपारी पाहिला. कोल्मच. विहिरीवरून चर्चकडे चालला होता, वाकून, बादली घेऊन. हाक मारली, थांबला नाही. त्याचे हात सोलवटलेत.

१९ जून
रोज दिसतो. मी विहिरीपाशी पाणी भरून ठेवते, तेवढंच त्याचं ओझं कमी. आज बोलला. पुरत नाही, नोरा. पुरतच नाही.

२४ जून
ऊना तापानं फणफणलीय. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. फादर धीर द्यायला आले. म्हणाले, वेळ आलीच तर बंदी असली तरी लेकराला बापाच्या कबरीत जागा मिळवून देईन. ताप ऐकून परत आलेल्या पेगनं झटकन छातीवर क्रूसाची खूण केली.

२५ जून
कोल्म खिडकीशी. ऊनाकडे बघतोय. मी ओरडले, तुझीच पोर आहे रे ती! तो रडत होता. पण हलला नाही—

२६ जून
पेगला बजावलंय, मला काही झालं तर त्याच कबरीत ठेवा. कोल्मच्या पाया पडले. तिला नको, मला ने—
ऊना तापात हसते. म्हणते, आई, बाबांनी माझ्यासाठी छोटीशी बादली आणलीय—

दुपार
डोळा लागला. क्षणभरच. अंथरूण रिकामं—
दार उघडं. ती विहिरीपाशी, अनवाणी. तो तिच्या हातात ती बादली—
ऊना, घेऊ नको गं, आई आली, आई आ—