गुडघ्यावरचा निळा डाग

ताई,

मी निवड समितीत असूनही तुझी लेक संघाबाहेर राहिली, तेव्हापासून तीन महिने तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. ज्युनिअर राष्ट्रीय हॉकी संघातून तुझ्या लेकीचं नाव कुणी कापलं? निवड समितीत दोन मतं तिच्या बाजूनं होती, दोन विरोधात. पाचवं माझं. मीच कापलं.

तिच्यासारखी स्टिक कुणाची चालत नाही, हे मला का ठाऊक नाही? चौघींना चकवून गोल मारते पोरगी! पण गोल मारणाऱ्या सहाजणी होत्या. पेनल्टी कॉर्नरला सुसाट येणाऱ्या चेंडूच्या अंगावर धावून जाणारी एकच होती, जिला सगळ्या पोरी 'भिंत' म्हणतात ती. परवा फायनलच्या शेवटच्या मिनिटाला तिनंच चेंडू अडवला आणि आपण जिंकलो. स्टँडमध्ये सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं, सांगू? तुझी लेक!

आज सकाळी ती मैदानावर हजर. म्हणाली, "मावशी, मत तुझंच होतं ना? आईला नाही सांगितलं मी. आता मला भिंतीसारखं धावायला शिकव."

आणि धावली की गं! पण गुडघ्याला पॅड न बांधताच. जन्मभर गोल मारणारीला पॅड कुठून आठवणार? चेंडू सणसणीत बसला. खाली बसून हसत होती वेडी, निळा डाग मेडलसारखा सगळ्यांना दाखवत होती.

हे पत्र काही टाकत नाही. ती आत्ताच लंगडत घरी निघालीय. डाग बघितलास की मला झापायला फोन करशीलच. फोनजवळच बसलेय.

तुझी धाकटी