पाऊण फूट

४ मार्च

तर शेवटी कापलंच! काल अर्धा तास नुसती करवत हातात घेऊन उभी होते, आज मात्र डोळे मिटून – नाही, उघडे ठेवून – कापलं. काकू फोनवर म्हणालीच होती, "अगं खुरपे, घाबरतेस काय? झाड आहे, ओरडणार नाही. मातीपासून पाऊण फूट ठेव, वरचं सगळं उडव."

उडवलं! तीन इंच ठेवलं, पट्टीने मोजून. कापलेल्या जागेवर मेण लावलं. वरचा पसारा गच्चीच्या कोपऱ्यात टाकला. आणि बोनस म्हणजे, मध्ये एक जाड कुरूप गाठ होती ना, तीही गेली! व्हिडिओतला माणूस म्हणतो, खोड खाली जाड आणि वर निमुळतं हवं. मध्येच फुगलेलं खोड म्हणजे पोट सुटलेला जिम ट्रेनर.

दादा बघायला आला. "हे बोन्साय? हा तर खुंटा आहे. बकरी बांध याला."

जळतोय.

७ मार्च

काकू म्हणते रोज चार ओळी तरी मराठीत लिही, हात बसेल. म्हणून आज तिच्याच झाडाबद्दल.

ही जास्वंद दुकानात मिळत नाही. काकूने एका जास्वंदीचे पराग दुसरीला स्वतः ब्रशने लावले, बी धरलं, रुजवलं. सात वर्षं लागली. फुलाचा रंग पिवळा म्हणतात सगळे, पण पिवळा नाहीये तो. लिंबू पिळल्यावर सालीच्या आतून जसं दिसतं ना, तसा. मध्ये कणभर जांभळा. अशी दोनच झाडं होती, एक मागच्या वर्षी मेलं.

तिला एका डोळ्याने आधीच दिसत नाही. आता दुसऱ्याचा पडदा सरकलाय. ऑपरेशनसाठी ताईकडे गेलीये, तीन-चार महिने तरी. ताई तिची मुलगी, पण झाड तिलाही नाही दिलं. मला दिलं! "वाकून बघणं आता जमत नाही मला. याला टेबलावर ठेवण्याएवढं कर. फूल कसं, नाकासमोर पाहिजे."

१० मार्च

काही नाही. खुंटा आहे तिथे आहे.

१३ मार्च

क्लास लवकर सुटला. बाबांना फोन केला, न्यायला या. "पाऊण तासात पोचतो." मी पंधरा मिनिटांत फाटकाशी. बाबा आले नेहमीसारखे, ऊन उतरल्यावर. मी भडकले. "पाऊण तास म्हणालात आणि आलात तीन पाऊण तासांनी!"

बाबांनी गाडी बंद केली.

"पाऊण म्हणजे किती गं?"

"क्वार्टर."

"तो पाव, बाई माझे. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी!"

मग जे हसायला लागले! डोळ्यांतून पाणी. "म्हणजे पहिलीपासून तू मला..." हो. पहिलीपासून मी या माणसाला लेटलतीफ समजतेय. आणि हा माणूस आयुष्यभर वेळेवर येत होता!

मीही हसत होते. सिग्नलपर्यंत.

सिग्नलला आठवलं. पाऊण फूट.

१४ मार्च

तीन इंच नाही. नऊ इंच. नऊ!!

कुंडी उचलून नर्सरीवाल्यांकडे नेली. वाटलं, म्हणतील थोडं बुटकं झालं, चालतंय. त्यांनी चष्मा वर केला. "वर गाठ होती का गं?"

होती म्हटलं. काढली.

"अगं पोरी, ते कलम होतं! तुझ्या काकूंच्या झाडाला मुळं नाजूक. म्हणून खाली साधी लाल जास्वंद, जोमदार, आणि तिच्यावर हे बांधलेलं. मीच बांधलं होतं. गाठीच्या वर ते झाड, गाठीच्या खाली लाल. तू गाठच उडवलीस."

वरच्या काड्या दहा दिवस गच्चीवर उन्हात. तरी पळत जाऊन आणल्या. ते एकेक काडी नखाने खरवडत गेले. तपकिरी. तपकिरी. तपकिरी. दोन काड्यांना बुडाशी थोडा हिरवा रंग. एक वाळूत खोचली. दुसरीची पाचर करून खुंट्यात बसवली, पट्टी गुंडाळली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. "उघडून बघत बसायचं नाही. महिनाभर. जगलं तर जगलं."

पैसे घेतले नाहीत. त्यानेच जास्त भीती वाटली.

१५ मार्च

काकूचा फोन. "नऊ इंच ठेवलंस ना? गाठीच्या वर चार बोटं येतं बघ ते."

"हो."

एवढंच बोलले मी. हो.

आई शेजारीच होती, तिला सगळं माहीत आहे. म्हणाली, ऑपरेशन होऊ दे आधी. आत्ता तिच्या डोक्याला ताप नको. मला काय, बरंच झालं. आईने सांगितलं म्हणून गप्प बसले असं म्हणता येईल.

२० मार्च

ऑपरेशन झालं. महिनाभर पालथं झोपायचं म्हणे. काकू! जी दोन मिनिटं खुर्चीत टिकत नाही.

२४ मार्च

वाळूतली काडी गेली. बुडाशी काळी, बोटाला लिबलिबीत.

२९ मार्च

पिशवीतली अजून हिरवी. उघडत नाही. नुसती सकाळ-संध्याकाळ समोर बसते. दादापण हल्ली चिडवत नाही. काल म्हणाला, "श्वास तरी घे, ती घेतेय." मग स्वतःच कुंडी सावलीत सरकवून गेला.

३ एप्रिल

खुंट्याच्या बुडातून तीन कोंब. गुबगुबीत, तजेलदार. लाल जास्वंदीचे! काढून टाकले. वरच्या काडीला मिळू दे ताकद.

५ एप्रिल

परत आले. परत काढले.

१२ एप्रिल

काडी काळी पडली. हात लावला तर अलगद निघून आली, दुधाचा दात यावा तशी.

नर्सरीवाले म्हणाले, "आता खालचं फुटू दे. नाहीतर तेही जाईल." म्हणजे जे मला नको तेच जगवायचं.

आईकडे गेले. आई म्हणाली, सांग आता. बाबा म्हणाले, दुसरं ऑपरेशन करायचंय, पहिल्याने पडदा नीट बसला नाही, थांब जरा. दोघं माझ्या झाडावरून भांडले. मी जेवले नाही.

२ मे

सगळ्यात वाईट काय माहितीये? झाड झकास वाढतंय. कोंब हातभर लांब झाला. कापायचा नाही, मोकळा वाढू द्यायचा, त्यानेच खालचं खोड फुगतं. बुडाशी मुळं पंजासारखी पसरलीत. मी केलेलं सगळ्यात सुंदर खोड आहे हे. आणि चुकीचं झाड आहे.

१० मे

काकूचा फोन. हजार प्रश्न. खोड केवढं झालं? दोन अंगठ्यांएवढं, म्हटलं. "शाब्बास! बघ, मी ताईला सांगत होते, माझी खुरपी करणार!"

मग म्हणाली, "कळ्या खुडतेस ना?"

खुडतेय. खोड जाड करायचं तर खुडाव्याच लागतात, सगळी ताकद फुलात जाते. हे खरंच आहे. पुस्तकात आहे! पण मी कशासाठी खुडतेय ते मला माहीत आहे. रंग दिसू नये म्हणून.

सांगणार होते. शप्पथ. वाक्य पाठ केलं होतं – काकू, माझ्याकडून एक चूक झाली. "काकू" पर्यंत आले. ती म्हणाली, "काय गं राणी?"

"काही नाही. औषध टाकलंस का डोळ्यात?"

२८ मे

दुसरं ऑपरेशन झालं. पट्टी आहे. काकू म्हणाली, "आता एक कळी ठेव हं. एकच. मी येईन तोवर उमलेल."

ठेवली. काय करणार?

येऊ दे तिला. समोर उभं राहून सांगेन. तिला दिसेलच, मला बोलावंही लागणार नाही. ओरडेल. मारेलसुद्धा. मारू दे.

१२ जून

कळी शेंगदाण्याएवढी. टोकाला अजून हिरवीच. मूर्खासारखं वाटतं – कदाचित... नाही. कदाचित काही नाही.

१९ जून

काकूने स्वतःच फोन केला. अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. "नाही झालं गं काही. उजेड तेवढा कळतो. परवा येते घरी." मी रडायला लागले तर मलाच दटावलं. "गप. फूल उमललं की लगेच फोन करायचा. रंग आता तूच सांगायचास मला."

२० जून

सकाळी सातला उमललं. लालभडक. डोळे मिटून हात लावून बघितलं – पाच पाकळ्या, मऊ, अगदी तिच्या फुलासारख्याच.

फोन हातात आहे. ती वाट बघतेय. तूच सांग आता – कुठला रंग सांगू?