पिवळं पातळ

गिरगाव, रविवार, ८ डिसेंबर १९५७

आज पहिल्यांदाच यांचं काम बघायला सांताक्रूझच्या विमानतळावर गेले. विमानाला शिडी लावायचं काम. पिवळं पातळ नेसून गॅलरीत उभी राहते, म्हणजे लांबूनही दिसेन, असं सकाळी मीच म्हटलं. मीच ना?

शिडीची गाडी विमानापाशी नेताना यांनी मान वर केली. मी पदर हलवला. तेवढ्यात शिडी विमानाच्या दाराखाली आदळली आणि पत्रा चेपला. मागच्या दाराने चढलेली माणसं खाली उतरवली.

गॅलरीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई विलायतेला जाणाऱ्या मुलाला निरोप द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, “लक्ष कुठे होतं मेल्याचं? इकडेच बघत होता. तुमच्या ओळखीचा आहे का?”

“नाही हो,” मी म्हटलं आणि तो पिवळा पदर गुंडाळून घेतला. एवढं एक ‘हो’ तोंडातून निघू नये?

यांना उद्या साहेबांपुढे उभं राहायचंय. नोकरी राहील की नाही, कोण जाणे. ऊन डोळ्यांवर आलं, एवढंच यांनी तिथे सांगितलंय. माझं नाव काढलं नाही.

चहा दिला, तर कपाकडे बघतच म्हणाले, “एवढ्या गर्दीतही तुला लगेच ओळखलं मी.”